लांब वाजणारी बीप

ज्या दिवशी दादाला न्यायला आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या संस्थेची गाडी येणार होती, नेमकी त्याच सकाळी धाकटी ऑफिसात जाऊन बसली. घरात थांबणं तिच्याच्याने होईना. वहिनी दादाच्या कपड्यांच्या घड्या घालत होती, कडेला कड जुळवून, वरून हात फिरवून, जणू माणूस हवापालटाला निघालाय. ते पाहून धाकटीच्या तोंडावर एक वाईट शब्द आला होता. तो गिळून ती बाहेर पडली. निमित्त हाताशी होतंच. संस्थेच्या बाईंनी बजावलं होतं, की पेशंटचं बोलायचं यंत्र एकच असेल तर उद्या ते बिघडल्यावर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं, एक जादा द्या. ते जादा यंत्र ऑफिसातल्या टेबलावर अर्धवट पडलं होतं. गाडी दुपारी येणार होती, तोवर ते सहज झालं असतं.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी. तिला चांगलं बारशाचं नाव होतं, पण दादाने लहानपणापासून ‘धाकटे’ हीच हाक मारली आणि वहिनीने लग्न होऊन आल्यावर तीच उचलली. ऑफिसात ती वजनकाट्यांचे प्रोग्राम लिहायची. दुकानातल्या काट्यावर जो आकडा दिसतो, तो दाखवणाऱ्या नखाएवढ्या, आठ पायांच्या चिपच्या डोक्यात काय भरायचं, हे तिचं काम.

दादा पियानो जुळवायचा. शाळा, सभागृहं, हौशी श्रीमंतांचे दिवाणखाने, सगळीकडे त्याला बोलावणं. हातात तारा पिळायच्या चाव्यांची पिशवी आणि खिशात ट्यूनिंग फोर्क, तो दोन दातांचा पोलादी काटा, गुडघ्यावर आपटला की एकच स्वच्छ सूर देणारा. कान इतका तिखट, की फ्रीज कुठल्या सुरात घुरघुरतोय हे जेवताना सांगायचा, आणि वहिनी म्हणायची, “आता त्यालाही जुळवून टाका एकदाचं.” कशालाही पटकन हो म्हणणारा माणूस नव्हता तो. पियानोच्या मालकाने “आता छान झालं” म्हटलं, की हा नकाराची मान हलवायचा आणि आणखी तासभर बसायचा.

मग एका सकाळी त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली आणि उजव्या हाताची तर्जनी सोडली तर सगळा माणूस गप्प झाला. ऐकू यायचं, कळायचं सगळं, डॉक्टरांनी ते तपासून सांगितलं होतं. पण बोलणं गेलं, मान गेली, चेहऱ्यावरचे भाव गेले. पापण्या हलायच्या, पण त्या आपल्याआपण मिटायच्या, त्यांच्यावर विसंबू नका असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं. उरलं ते एक बोट.

त्या बोटासाठी धाकटीने यंत्र केलं. वजनकाट्याचं एक चपटं बटण बोटाखाली पट्टीने बांधलं, त्याची तार चष्म्याच्या जुन्या घरात नेली, त्या घरात चिप, आणि तिथून एक केबल कॉम्प्युटरला. एकदा दाबलं की पडद्यावर मोठ्या अक्षरात ‘होय’, दोनदा दाबलं की ‘नाही’. कॉम्प्युटरला वाटायचं, एक कीबोर्ड जोडलाय, ज्याला एकच बटण आहे.

यात फुशारकीचा भाग असा, की त्या चिपला यूएसबी येतच नव्हतं. कॉम्प्युटरशी त्या भाषेत बोलायचं तर चिपमध्ये तशी सोय जन्मजात लागते. ऑफिसात सगळे ज्याला ठोक्या म्हणत, त्या सहकाऱ्याने तिला सांगून पाहिलं होतं, “अगं, सोय असलेली चिप बाजारात ढिगाने मिळते. कशाला डोकं फोडून घेतेस?” पण धाकटीला खुमखुमी. सोय नाही ना, मग ती सॉफ्टवेअरने करायची. तारेवरून येणारा एकेक बिट, म्हणजे शून्य की एक, चिपने स्वतः टिपायचा, चिपच्या आतल्या घड्याळाच्या अकरा टिकटिकींत एक बिट, आणि उत्तरही तसंच मोजून मापून तारेवर सोडायचं. एक टिकटिक इकडची तिकडे झाली, की कॉम्प्युटर म्हणणार, कोण आपण, मी ओळखत नाही. बरेच दिवस त्याने ओळखलं नाही. एका संध्याकाळी ओळखलं, तेव्हा धाकटी खुर्चीवरून उठून टेबलाभोवती नाचली होती.

यूएसबीचा कारभार मोठा खाष्ट असतो. बोलणं सुरू करायचा हक्क फक्त कॉम्प्युटरला. तो दर थोड्या वेळाने विचारणार, काही सांगायचंय? निरोप तयार असला तर तेव्हाच द्यायचा, नसला तर ‘काही नाही’ म्हणून गप्प बसायचं. आपण होऊन तोंड उघडायची सोय नाही. दादाचीही आता तीच गत होती. कुणी विचारलं तर तो उत्तर देणार, आणि जे विचारलं तेवढ्याचंच.

यंत्र घरी नेलं त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. बटण दाबलं गेलं हे दादाला कळावं म्हणून धाकटीने त्यात एक बीप ठेवली होती, आणि ती लाडाने त्याच्या ट्यूनिंग फोर्कच्या सुरात जुळवली होती. पण बीप वाजली ती खरखरीत, घशात काही अडकल्यासारखी. बिचाऱ्या चिपला एकटीने सगळं करायचं, सूर धरायचा आणि कॉम्प्युटरसाठी निरोपाचं गाठोडंही बांधायचं. गाठोडं बांधायला गेली की सूर हातातून निसटायचा.

“अगं बाई,” वहिनी म्हणाली, “यांच्या कानाला हे सोसायचं नाही हं.”

धाकटीच्या मनाला ते लागलं. त्याच रात्री तिने प्रोग्राममध्ये चार ओळी वाढवल्या. बीप वाजत असताना निरोप बांधायचा नाही. बीप संपली, की त्या क्षणी बटण दाबलेलं आहे की सुटलेलं, ते कळवायचं. दुसऱ्या दिवशी बीप अशी वाजली की वहिनीने हात जोडले. एकच स्वच्छ, गोल सूर. दादाला शिकवलं, “एकदा दाब. आता बीप संपू दे. हं, आता दुसऱ्यांदा.” पडद्यावर एकदा दाबल्यावर होय आलं, दोनदा दाबल्यावर नाही आलं. तिघंही रडली. धाकटी डोळे पुसत म्हणाली, “माझं यंत्र खोटं बोलायचं नाही.”

त्यानंतर दादा सगळ्यालाच होय म्हणू लागला. सूप हवं का? होय. रेडिओ लावू का? होय. शेजारचे निवृत्त मास्तर येऊन अख्खा पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे, त्यांनी उद्या यावं का? होय. जेवण भरवताना मिशी आड येते, काढूया का? होय, आणि त्याच्या ऐन तारुण्यापासूनची मिशी गेली. कधीतरी सकाळी, ताजातवाना असताना, एखादं नाही यायचं. पण एरवी होय. “आजारपणाने माणूस किती गरीब होतो बघ,” वहिनी म्हणायची. आणि कधी कधी बीप नेहमीपेक्षा जास्त वेळ वाजली, की हसून म्हणायची, “आज लांब बोलले.”

संस्थेचा विषय वहिनीनेच काढला. धाकटीचा संताप त्याचाच होता. आजारपण आलं तेव्हा याच बाईने कंबर कसून सगळं केलं, नर्स ठेवायला नको म्हणाली. आणि यंत्र आलं, माणूस होय-नाही बोलायला लागला, तर ही म्हणते, तिथे त्यांची काळजी चांगली घेतील, माझी पाठ धरते. पाठ आधी धरत नव्हती का? धाकटीने एकदाच तोंड उघडलं होतं, “दादाला विचार तरी.” मग रीतसर विचारलं. डॉक्टर होते, संस्थेच्या बाई होत्या, चष्म्याचं घर दादाच्या पोटावर होतं. तुम्हाला संस्थेत राहायला जायचंय का? बीप वाजली. पडद्यावर आलं, होय. आणि दादाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

डॉक्टर म्हणाले, “या आजारात असं होतं. कारण नसताना रडू येतं. मनाला लावून घेऊ नका.” ते खरंही होतं. यंत्राने होय म्हटलं होतं. धाकटी स्वतःच त्या यंत्राची आई, ती काय बोलणार?

तर त्या सकाळी तिने जादा यंत्राचं झाकण लावलं आणि ते ठोक्याच्या पुढ्यात ठेवलं. ठोक्या तपासनीस होता. ऑफिसातून बाहेर जाणारा प्रत्येक काटा आधी त्याच्या हाताखालून जायचा, आणि बटणं तो अशी दाबायचा की जणू पलीकडे कुणी बहिरा राहतो. नाव त्यावरूनच पडलं होतं.

“काय विचारायचं याला?” ठोक्याने विचारलं.

“काहीही. एकदा दाबलं की होय, दोनदा की नाही.”

“पगार पुरतो का?” असं स्वतःलाच विचारून ठोक्याने बटणावर टक-टक केलं. बीप वाजली. पडद्यावर आलं, होय. “छे, मी नाही म्हटलं.”

“नीट दाब ना.”

“नीटच दाबलं. हे बघ. टक-टक.” बीप. होय. “टक-टक.” बीप. होय. ठोक्या हसायला लागला. “भलतंच लाघवी यंत्र आहे तुझं. कुणाला दुखवतच नाही.”

“बीप संपू दे ना मध्ये,” धाकटी म्हणाली. “एकदा दाब, बीप संपू दे, मग दुसऱ्यांदा दाब.”

“का म्हणून?” ठोक्याने विचारलं. “ज्याला नाही म्हणायचंय, तो तुझी बीप संपायची वाट बघत बसेल?”

ठोक्या अजून हसत होता, पण तिचा चेहरा पाहून त्याचं हसू हळूहळू विझलं.

“काय झालं?”

“पुन्हा दाब,” ती म्हणाली. “दोनदा. पटकन.”

टक-टक. यावेळी तिने पडद्याकडे पाहिलं नाही, डोळे मिटून नुसतं ऐकलं. बीप लांब वाजली. एकदा दाबल्यावर वाजते त्याहून चांगली लांब.

तिने त्या चार ओळी उघडल्या. त्या इतक्या साध्या होत्या, की एका वाचनात चूक दिसली. बटण दाबलं, निरोप गेला, दाबलंय. बीप सुरू. बीप चालू असतानाच बटण सुटलं. निरोप बांधायचा नाही, बीप चालू आहे. पुन्हा दाबलं. बीप मध्येच तुटू नये म्हणून तिनेच लिहिलं होतं, पुन्हा दाबलं तर बीप पहिल्यापासून मोज. पुन्हा सुटलं. बीप संपली. आता बटण कसं आहे? सुटलेलं. कळवा, सुटलंय. कॉम्प्युटरला काय दिसलं? एकदा दाबलं, एकदा सोडलं. होय.

तिने स्वतः शंभरदा तपासलं होतं. पण शहाण्यासारखं, बीप संपू देऊन. धडधाकट माणसाचं बोट, त्याला कसली घाई? दादाच्या बोटात ताकद यायची ती एका उसळीपुरती. व्यायाम करून घेणाऱ्या बाई तिच्यासमोर म्हणाल्या होत्या, एकदा दाबून थांबले, की दुसऱ्यांदा बोट उचलत नाही हो त्यांचं, जे काय करायचं ते एका दमात. म्हणजे शिकवलं त्या दिवशी त्याने हिच्यासाठी जीव काढून वाट पाहिली. पुढे तो एका दमात दाबायला लागला. टक-टक. टक-टक. आणि हिचं यंत्र गोड आवाजात सगळ्यांना सांगत राहिलं, होय.

“लांब बोलले,” धाकटी पुटपुटली.

“कोण?”

“लांब बीप म्हणजे नाही.” ती म्हणाली. “सगळ्या लांब बीपा म्हणजे नाही होत्या.”

आणि मग तिला तो दिवस आठवला. संस्थेत जायचंय का विचारल्यावर बीप वाजू लागली, तेव्हा संस्थेच्या बाई कौतुकाने म्हणाल्या होत्या, “अगबाई, किती गोड वाजतं हो हे!” ते अख्खं वाक्य संपलं तरी बीप वाजतच होती. सगळ्यांनी ती ऐकली होती. कारण नसताना रडू येतं म्हणे.

तिने वहिनीला फोन लावला. वहिनीने उचलला आणि हिला श्वासही घेऊ न देता म्हणाली, “अगं, गाडी लवकर आलीय. माणसं वर आलीत, ठेवते,” आणि ठेवला. पुन्हा लावला, तर कुणी उचललाच नाही.

ठोक्याने हेल्मेट तिच्या हातात कोंबलं. धाकटीने लॅपटॉप आणि चिपमध्ये प्रोग्राम भरायची छोटी डबी पिशवीत टाकली आणि त्याच्या स्कूटरवर मागे बसली. वाटेत प्रत्येक सिग्नल लाल होता. ठोक्या सिग्नलला शिव्या घालत होता, आणि ती मागे बसून एकेक गोष्ट आठवत होती. सूप. रेडिओ. मास्तर. मिशी.

इमारतीखाली संस्थेची पांढरी गाडी मागचं दार उघडून उभी होती. “तू वर जा,” ठोक्या म्हणाला, आणि त्याने स्कूटर त्या गाडीच्या बरोब्बर पुढ्यात आडवी लावून वरून स्वतः बसून घेतलं.

वर दारातच स्ट्रेचर होतं. दादा त्याच्यावर, गळ्यापर्यंत चादर, वर आढ्याकडे बघत. ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार त्याला पट्टे बांधत होते. वहिनी बॅग घेऊन बाजूला उभी होती, नवी साडी नेसून, कोरड्या डोळ्यांनी.

“थांबा!” धाकटी ओरडली. “सोडा ते पट्टे. तो येत नाहीये.”

“काय चाललंय धाकटे?” वहिनी म्हणाली. “आता ऐन वेळी तमाशा नको.”

“वहिनी, यंत्र चुकलंय. म्हणजे मी चुकलेय. दादा नाही म्हणत होता. यंत्र होय दाखवत होतं.” तिने धापा टाकत सगळं सांगितलं, उलटसुलट, बीप, चार ओळी, टक-टक. ड्रायव्हर पट्टा हातात धरून ऐकत राहिला. “जेव्हा जेव्हा बीप लांब वाजली, तेव्हा तेव्हा तो नाही म्हणत होता. तू म्हणायचीस ना, आज लांब बोलले?”

वहिनीच्या हातातली बॅग खाली पडली. धाकटीला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर आपल्यावर तुटून पडेल. पण वहिनी नुसती पांढरीफटक पडली आणि भिंतीला टेकली.

“पहिल्यापासून?” तिने विचारलं.

“शिकवलं तो दिवस सोडून. बीप गोड केली, तेव्हापासून.”

“म्हणजे त्याच्या दुसऱ्या दिवशीही?”

“दुसऱ्या दिवशी काय झालं होतं?”

“काही नाही. आधी ते नीट कर.” आणि मग एकदम, कधी नव्हे इतक्या चढ्या आवाजात, “नीट कर म्हणते ना!”

धाकटीने दादाच्या बोटाखालचं बटण सोडवलं आणि चष्म्याचं घर घेऊन जेवणाच्या टेबलावर बसली. झाकण उघडायलाच दोन नखं मोडली. त्या चार ओळी तिने पुसून टाकल्या. त्याजागी लिहिलं, बटण दाबलं की निरोप, सुटलं की निरोप, एकही गाळायचा नाही, कॉम्प्युटरने उचलला नसेल तर रांगेत ठेवायचा. बीपचं काय व्हायचं ते होऊ दे.

“बाई, किती वेळ लागेल?” ड्रायव्हरने विचारलं. “खाली कोणीतरी गाडीपुढे स्कूटर लावलीय म्हणे.”

“तो उठायचा नाही,” धाकटी म्हणाली. “बसा तुम्ही.”

नवा प्रोग्राम चिपमध्ये उतरला. तिने स्वतःच्या बोटाने, जितकं घाईने दाबता येईल तितक्या घाईने, टक-टक केलं. खर्र-खर्र असा घाणेरडा आवाज झाला. पडद्यावर आलं, नाही.

बटण पुन्हा दादाच्या बोटाखाली बांधलं. कॉम्प्युटर सगळ्यांना दिसेल असा स्टुलावर ठेवला. धाकटी गुडघ्यांवर बसली.

“दादा, तुला संस्थेत जायचंय?”

बोट उसळलं. खर्र-खर्र. नाही.

ड्रायव्हरने डोक्यावरची टोपी काढली आणि जोडीदाराकडे पाहिलं. धाकटीने कपाळ स्ट्रेचरच्या दांड्यावर टेकलं आणि रडत रडत म्हणाली, “माफ कर रे. मला वाटलं, तुला आवाज चांगला वाटावा. हा आवाज चालेल का तुला?”

खर्र-खर्र. नाही.

रडता रडता तिला हसू फुटलं. हा दादा होता. हा कितीतरी दिवसांनी खोलीत आला होता. तिने विचारत सुटायचं ठरवलं. सूप आवडतं? नाही. रेडिओ? नाही. मास्तरांनी रोज यावं? नाही, आणि हे नाही तर प्रश्न संपायच्या आत आलं. मिशी काढायला हवी होती? खर्र-खर्र. ड्रायव्हरला हसू आवरेना, त्याने जीभ चावली. धाकटी डोळे पुसत वळली, “वहिनी, ऐकतेयस ना?”

वहिनी हसत नव्हती. ती भिंतीपासून तसूभर हलली नव्हती.

“दुसऱ्या दिवशी तू ऑफिसात होतीस,” ती म्हणाली. “मी यांना एक विचारलं होतं.” मग थांबली. ड्रायव्हरने जोडीदाराला खूण केली आणि दोघं जिन्यात जाऊन उभे राहिले.

“ज्या सकाळी हे झालं ना, त्या सकाळी हे मला म्हणाले होते, हाताला मुंग्या येतायत, जीभ जड वाटतेय. मी म्हटलं, झोप झाली नाही तुमची, पडा जरा. आणि मी भाजी आणायला गेले. गप्पा मारत बसले खाली. वर आले तर हे असे. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर. तू तेव्हा औषधं आणायला गेली होतीस. मी कुणाला सांगितलं नाही.” वहिनीचा आवाज अगदी सपाट होता. “यंत्र आलं, तेव्हा वाटलं, आता विचारता येईल. म्हणून विचारलं, माझ्यावर राग आहे का तुमचा? तर होय आलं.”

धाकटीला सकाळपासून बसलेले सगळे धक्के या एका वाक्यापुढे काहीच नव्हते.

“मग मी म्हटलं,” वहिनी पुढे म्हणाली, “ज्याला माझा राग आहे, त्याने रोज माझ्याच हातचा घास का खावा? त्याला तोंड फिरवायचीही सोय नाही. म्हणून संस्थेचं काढलं. पाठबीठ काही धरत नाही माझी.”

“आणि मला बोलली नाहीस?”

“काय बोलू? यंत्र खोटं बोलायचं नाही, असं तूच म्हणाली होतीस.”

धाकटीने स्वतःला सावरलं. “बीप कशी होती, वहिनी? लांब की आखूड? आठव.”

“मला बीप ऐकूच आली नाही,” वहिनी म्हणाली. “मी पडद्याकडे बघत होते.”

म्हणजे कळायला मार्ग नव्हता. लांब वाजली असेल, किंवा नसेलही. मुंग्या येतायत म्हणून सांगितल्यावर भाजी आणायला गेलेल्या बायकोचा राग कुणालाही आला असता. यंत्र काही प्रत्येक वेळी चुकलं नव्हतं. एकदा दाबलेलं होय ते खरंच होय होतं. ज्या यंत्राने ही आग लावली, त्यालाच आता पुन्हा विचारायचं, आणि यावेळी ते खरं सांगणार होतं.

“विचारू नकोस,” ती वहिनीला म्हणणार होती. पण वहिनी पुढे आली होती. स्ट्रेचरशेजारी उभी राहून तिने नव्या साडीचा पदर दोन्ही हातांत घट्ट धरला.

“माझ्यावर राग आहे का तुमचा?”

बोट हललं नाही. दादाचे डोळे वर आढ्याला होते. बाहेर जिन्यात ड्रायव्हर खाकरला. मग बोट उसळलं.

खर्र.

एकदाच. दुसऱ्यांदा दाबलं जातंय का, याची वाट बघत पडदा क्षणभर कोराच राहायचा, तसं तिनेच लिहिलं होतं. तो क्षण संपता संपेना. वहिनीने डोळे मिटून घेतले.

खर्र.

नाही.

“वहिनी, बघ,” धाकटी म्हणाली. “अगं डोळे उघड. बघ.”

वहिनीने डोळे उघडले. पडद्यावरचा शब्द तिने ओठ हलवत वाचला, लहान मुलं वाचतात तसा. आणि ती तो वाचत असतानाच बोट पुन्हा उसळलं, कुणी काही विचारलेलं नसताना. खर्र-खर्र. नाही. जरा थांबून पुन्हा, खर्र-खर्र. नाही. त्या बेसूर, घसा बसल्यासारख्या आवाजात दादा म्हणतच राहिला, पडदा भरून गेला तरी थांबेना. उसळी लहान लहान होत गेली. व्यायामाच्या बाईंनी पाहिलं असतं तर ओरडल्या असत्या.

“पुरे,” वहिनी म्हणाली. “पुरे हो. दमाल. कळलं मला.” तिने खाली वाकून आपला हात त्या बोटावर आणि बटणावर ठेवला. तिचे डोळे आता कोरडे नव्हते. धाकटी उठून जिन्याकडे गेली, ड्रायव्हरला गाडी रिकामी न्यायला सांगायला. तिने मागे वळून पाहिलं, तेव्हा वहिनी तशीच वाकलेली होती, आणि तिच्या तळव्याखाली ते बोट अजून दाबतच होतं.